आर्मंडनं न विचारलेला प्रश्न

आर्मंड पेल्की आमच्या डोंगरभटकंतीच्या सामानाच्या दुकानात आलेल्या माणसाला आधी काही घेऊच द्यायचा नाही. दाराजवळ त्याची हिरवी ताडपत्री अंथरलेली असायची. "घरून काय आणलंय ते इथं ओता," म्हणायचा, आणि स्वतः गुडघ्यांवर हात टेकत खाली बसायचा. मग त्या ढिगातून एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवत जायचा. कुऱ्हाड. बिडाचा तवा. जीनच्या तीन पँटी. एकदा एका प्राध्यापकानं दोन मुक्कामांसाठी पाच जाडजूड पुस्तकं आणली होती. आर्मंड म्हणाला, "वर वाचनालय काढताय का? काढा की, पण मग खाली यायला खेचर सांगून ठेवा." प्राध्यापक हसला आणि चार पुस्तकं गाडीत ठेवून आला.

न्यू हॅम्पशरच्या उत्तरेला आमचं गाव. कागदाची गिरणी बंद पडल्यावर गावाला डोंगरानंच पोसलं. आर्मंडही गिरणीतलाच. गिरणीनंतर तो दुकानात आला तो तेवीस वर्षं राहिला. मी कॉरा. दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसते. फाटलेले तंबू, उसवलेले पट्टे, अडकलेल्या चेनी, सगळं माझ्याकडे येतं. खोलीला दार नाही, त्यामुळे बाहेर कोण काय बोलतं ते मला ऐकू येतंच.

त्याचे चार प्रश्न मला पाठ होते. कुठं चाललात? किती दिवस? बरोबर कोण? आणि हे सामान याच्यानंतर आणखी कुठं नेणार आहात? चौथ्या प्रश्नावर लोक थोडे गोंधळायचे. आर्मंडला तोच महत्त्वाचा वाटायचा. तो म्हणायचा, "माणूस एका कामासाठी वस्तू घेतो आणि चार कामांना वापरतो. ती कुठल्या कामाला मोडेल ते त्याला आजच सांगायला हवं."

हे त्याचं दुकानदारीतलं शहाणपण नव्हतं. डोंगराच्या धारेवर कुणी अडकलं की गावातली वीसेक माणसं स्ट्रेचर घेऊन वर जायची आणि आर्मंड त्यात असायचाच. थंडीनं मेलेल्यांना त्यानं खांद्यावरून उतरवलं होतं. त्यांच्या अंगावर काय होतं, काय असायला हवं होतं, हे तो उतरताना बघत यायचा.

ऑगस्टमध्ये शेजारच्या व्हरमाँटमध्ये एका कुरणात तीन दिवस गाण्यांचा महोत्सव भरतो. त्याच्या आधीच्या शनिवारी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी अशाच गर्दीत डेलिया मेडेरॉस आली. वीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी, मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरची. घराबाहेर तंबूत कधी झोपलेली नव्हती.

"मला हलका तंबू हवाय," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, हलकाच घे."

"सगळे म्हणजे कोण?"

"इंटरनेटवरचे."

"त्यांना चालत जायचं असेल. तू कशी जाणारेस?"

"गाडीनं. गाडी तिथंच लावतात. तंबूपासून शंभर पावलं असेल."

"मग शंभर पावलांसाठी हलका कशाला, पोरी? हा घे. वजनदार आहे, पण आत उभं राहून कपडे बदलता येतात. तीन दिवस वाकून वाकून कंबर धरली तर नाचशील कशी?"

ती हसली. मग आर्मंडनं तिला सगळं काढून दिलं. कुरणाची माती भुसभुशीत असते म्हणून लांब खुंट्या. हजार तंबूंमधून आपला सापडावा म्हणून टोकाला बांधायला लाल फडकं. पाण्याचा मोठा कॅन, चिखलासाठी रबरी बूट, झोप लागावी म्हणून कानात घालायचे बोळे. स्लीपिंग बॅग पातळ. "जाडी घेतलीस तर ऑगस्टमध्ये घामानं भिजशील." पावसासाठी पिवळा प्लास्टिकचा पोंचो. "हा तीन दिवस टिकला तरी नशीब समज."

"आणि वर घालायला?"

"घरचे सुती स्वेटशर्ट ने. भिजले तर गाडीत बसायचं, हीटर लावायचा."

स्लीपिंग बॅगची चेन ओढायला बोटांना धड पकड मिळत नव्हती, म्हणून तो ती माझ्याकडे घेऊन आला. मी चेनीला नारिंगी दोरीची गाठ मारून दिली. आमच्या दुकानातून जाणाऱ्या सगळ्याच बॅगांना मी मारते. जाताना डेलियानं पिशवीतून आजीनं भाजलेला गोड पाव काढला आणि आम्हा दोघांना अर्धा अर्धा दिला.

तिच्यामागे रांगेत दहा-अकरा लोक होते. आर्मंडनं तीन प्रश्न विचारले. चौथा राहिला.

ऑक्टोबरमध्ये सोमवारची सुट्टी जोडून आली, पानांचे रंग बघायला अख्खं बोस्टन आमच्याकडे लोटलं. डेलिया तीन मैत्रिणींबरोबर आली आणि दुकानात न येता थेट धारेवर गेली. महोत्सवात सामान छान उपयोगी पडलं होतं, तेच त्यांनी बरोबर घेतलं. एवढा जड तंबू वाहून त्या पहिल्याच दिवशी दमल्या. दुसऱ्या दिवशी झाडांच्या वर पोचल्या तेव्हा पाऊस सुरू झाला, दुपारी त्याची गारठलेली बर्फाळ झड झाली. पोंचो वाऱ्यानं फाटला. तंबू उभा करायला गेल्या तर त्याच्या काड्या मोडल्या. डेलिया अडखळायला लागली, मग असंबद्ध बोलायला लागली. दोघी मदत आणायला खाली धावल्या, तिसरी तिला स्लीपिंग बॅगेत गुंडाळून जवळ बसली. माणसं पोचेपर्यंत डेलिया गेली होती. तिसरीच्या हाताची तीन बोटं पुढं कापावी लागली.

स्ट्रेचरच्या डाव्या बाजूला आर्मंड होता. दुसऱ्या दिवशी तो चिखलाच्या बुटांनिशीच माझ्या खोलीत येऊन उभा राहिला.

"कॉरा, ती नारिंगी दोरी आपली होती," म्हणाला.

मला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि मी मशीन बंद केलं.

"पावाची पोरगी," तो म्हणाला. "तोंडावरून मी ओळखलं नाही. दोरीवरून ओळखलं."

दुकानाचा मालक रसेल टिलमन. माणूस वाईट नाही, पण त्याला भीती वाटली. वकिलाशी बोलून आला आणि आम्हाला दोघांना समोर बसवून म्हणाला, "आपण तिला महोत्सवासाठी सामान दिलं. डोंगरासाठी दिलेलंच नाही. आपली काही चूक नाही. कुणी विचारायला आलं तर माझ्याकडे पाठवायचं. आर्मंड, तू तोंड उघडायचं नाहीस."

"बरं," आर्मंड म्हणाला.

नोव्हेंबरच्या मधल्या एका मंगळवारी डेलियाचे वडील आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस, दोन्ही हातांवर डांबराचे जुने डाग. खांद्यावर कचऱ्याची काळी पिशवी. पोलिसांनी परत दिलेलं सामान त्यात होतं.

"आर्मंड पेल्की कोण?"

"मी."

"मी जोआकिम मेडेरॉस. डेलियाचा बाप."

रसेल काउंटरवरून उठला. "साहेब, आपण आत बसून बोलू या."

"तुमच्याशी काम नाही," जोआकिम त्याला म्हणाले, आणि आर्मंडकडे वळले. "मी घरांची छपरं घालतो. छप्पर गळलं की लोक मला विचारतात, कुठून गळलं. मी वर चढतो आणि बोट ठेवून दाखवतो. तसं तुम्ही मला दाखवा. यातल्या कशानं माझी मुलगी गेली?"

रसेल म्हणाला, "आर्मंड."

आर्मंडनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं ताडपत्री ओढली, पिशवी घेतली आणि एकेक वस्तू मांडायला लागला. मी दारात येऊन उभी राहिले. सामान अजून दमट होतं, त्याला कुबट वास येत होता.

"हा तंबू," तो म्हणाला. "कुरणातला आहे. उंच आहे, त्यामुळे वारा याला शिडासारखा धरतो. काड्या वाऱ्याच्या नाहीत. पण यानं ती गेली नाही. यानं ती दमली." तंबू त्यानं बाजूला सारला. "बूट. पाय ओले राहिले, पण बुटांनी कुणी मरत नाही. पोंचो फाटला तेव्हा अंग भिजलं." मग त्यानं करडा स्वेटशर्ट उचलून दोन्ही हातांत पसरला. "हा. सुती आहे. सुती कापड पाणी धरून ठेवतं, सोडत नाही. वाऱ्यात ते अंगातली ऊब ओढून घेतं. हा अंगात असण्यापेक्षा काहीच नसतं तरी बरं झालं असतं. आणि ही बॅग. ही ऑगस्टची आहे. ऑक्टोबरात धारेवर हिच्यात कोरडा माणूससुद्धा कुडकुडला असता."

"म्हणजे स्वेटशर्ट."

"आधी स्वेटशर्ट. मग बॅग."

"स्वेटशर्ट मी दिला होता," जोआकिम म्हणाले. "माझ्या कंपनीचं नाव आहे त्याच्यावर."

छातीवर खरंच लिहिलेलं होतं, मेडेरॉस रूफिंग.

"सुती ने, असं मीच तिला सांगितलं होतं," आर्मंड म्हणाला. "महोत्सवासाठी ते बरोबर होतं. पण मी सगळ्यांना एक प्रश्न विचारतो, हे सामान पुढं कुठं नेणार म्हणून. बावीस वर्षं विचारतोय. त्या दिवशी गर्दी होती. तिला विचारला नाही."

"विचारला असता तर?"

"सांगितलं असतं, यातलं काहीही डोंगरावर नेऊ नकोस."

"तिनं ऐकलं असतं?"

एखादा दुसरा म्हणाला असता, कोण जाणे, तरुण मुलं कुठं ऐकतात. त्या बापालाही कदाचित तेच हवं होतं.

"बहुतेक लोक ऐकतात," आर्मंड म्हणाला.

जोआकिमनी मान हलवली. गुडघे टेकून त्यांनी सगळं पुन्हा पिशवीत भरलं. स्वेटशर्टची नीट घडी घातली. कुणाचा निरोप न घेता गेले.

त्या आठवड्यात रसेलनं आर्मंडला गिऱ्हाइकांसमोरून काढून मागच्या गोदामात टाकलं. "कामावरून काढत नाहीये," म्हणाला, "पण बाहेर यायचं नाही." आर्मंडनं हुज्जत घातली नाही. हिवाळाभर तो खोकी फोडत आणि चिठ्ठ्या चिकटवत बसला. बाहेर मला उभं केलं. दुपारी आम्ही माझ्या खोलीत एकत्र डबा खायचो. तो अर्धा खाऊन झाकण लावायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, दुकानात हजारो माणसं आली. एकीला विचारायचं राहिलं."

"हजारोंचं मला काही आठवत नाही, कॉरा," तो म्हणाला.

जूनमध्ये जोआकिम पुन्हा आले. मला म्हणाले, "त्यांना बोलवा. मला वर जायचंय. ती होती तिथं. माझ्यासाठी सामान त्यांनीच काढायचं."

रसेल तेव्हा दुकानात होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघायला लागला. मी आर्मंडला हाक मारली.

जोआकिमच्या खांद्यावर डेलियाची सॅक होती. ती शाळेत असल्यापासूनची, जांभळी.

"ही चालणार नाही," आर्मंड म्हणाला. "तुमच्या पाठीला आखूड आहे. सगळं वजन खांद्यावर येईल."

"मी खांद्यावरून छपराच्या शिंगल्सचे गठ्ठे चढवतो."

"शिडीवरून, दोन मिनिटं. इथं सहा तास आहेत. काढा ती."

मला वाटलं, आता हा माणूस याला एक ठेवून देतो. पण त्यांनी सॅक काढली. आर्मंडनं त्यांची पाठ मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत मोजली, दुसरी सॅक चढवली, आत वाळूच्या पिशव्या टाकल्या, पट्टे ओढले. "दुखतंय कुठं?" "नाही." "चालून दाखवा." जोआकिम तंबूंच्या मांडणीभोवती गोल फिरत राहिले आणि आर्मंड त्यांच्या पावलांकडे बघत मागून चालला. मग लोकरीची बनियन, लोकरी मोजे, पाऊस आत न येऊ देणारं जाकीट, जूनमध्येसुद्धा टोपी आणि हातमोजे. बुटांच्या अकरा जोड्या घालून झाल्या. जोआकिमच्या डाव्या पायाचा अंगठा कधीतरी मोडून वाकडा जुळलेला होता, त्याला कुठलाच बूट मानवत नव्हता. शेवटी एकाची पुढची बाजू मी लाकडी साच्यावर रात्रभर ताणून ठेवली, तेव्हा तो बसला.

आर्मंड मला म्हणाला, "तूही चल. तिघं असलेलं बरं."

जोआकिम हळू पण एका लयीत चढायचे. बोलले फारसे नाहीत. झाडं संपतात तिथं आलो तेव्हा ढग खाली उतरला आणि वारा असा सुटला की बोललेलं ऐकू येईना. आर्मंड थांबला.

"मागं फिरायचं," म्हणाला.

"किती राहिलंय?"

"अर्धा मैल."

"मग चला."

"नाही."

"अहो, अर्धा मैल म्हणताय ना. माझ्या अंगावर सगळं आहे. तुम्हीच घातलंय."

"सामान चांगलं आहे म्हणून ढगात शिरायचं नसतं."

जोआकिम त्याच्या अगदी जवळ गेले. "त्या दिवशी तुम्ही तिच्याबरोबर असता तर?"

"इथूनच परत आणली असती," आर्मंड म्हणाला.

जोआकिम एका दगडावर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. आम्ही दोघं वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलो. बऱ्याच वेळानं ते उठले आणि आमच्या आधी खाली उतरायला लागले. पार्किंगपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

ऑगस्टमध्ये आर्मंडनंच त्यांना फोन केला. "गुरुवारी आभाळ स्वच्छ आहे. येता का?" ते आले.

तो दिवस इतका लख्ख होता की मला लाज वाटली. धारेवर जत्रेसारखी गर्दी होती. डेलिया जिथं होती तिथं एक जोडपं सँडविच खात बसलं होतं. आर्मंडनं त्यांना हळू आवाजात काही सांगितलं, ते घाईनं सामान आवरून पुढं गेले.

"इथं," आर्मंड म्हणाला. "डोकं त्या बाजूला होतं."

सपाट खडक. त्यावर शेवाळाचे पट्टे. जोआकिम वाकले, तळहात खडकावर ठेवून काही वेळ तसेच राहिले. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना पोर्तुगीजमध्ये असावी. मग उठून ते आजूबाजूला फिरायला लागले. छपराची पाहणी करणारा माणूस फिरतो तसे, वारा कुठून येतो, पाणी कुठं वाहतं, ते बघत. मोठ्या दगडांच्या रांगेमागं गेले आणि दिसेनासे झाले. मला भीती वाटली. आम्ही मागोमाग गेलो.

दगडांच्या मागं एक घळ होती. चार माणसं बसतील एवढी. तीत ते उभे होते.

"इथं वारा लागत नाही," ते म्हणाले.

आर्मंडनं मागं वळून सपाट खडकाकडे बघितलं.

"वीस पावलं आहेत. मी मोजली. तुम्हाला ही जागा माहीत होती?"

"होती."

"नोव्हेंबरात बोलला नाहीत."

"तुम्ही सामानाबद्दल विचारलं होतं," आर्मंड म्हणाला. मग, "ढगात ही कुणालाच दिसली नसती. ओल्या अंगानं इथं बसून ती वाचली असती, असंही मी म्हणू शकत नाही. थोडा जास्त वेळ मिळाला असता."

"किती?"

"एखादा तास."

"माणसं कधी पोचली?"

"ती गेल्यावर दीड तासानं."

जोआकिमनी तो हिशेब मनात केला असावा. घळीत खाली बसले, पाठ दगडाला टेकली आणि डोळे मिटले. अर्धा तास ते तसेच होते. आर्मंड घळीच्या तोंडाशी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पुढं काढत.

खाली आल्यावर गाडीच्या डिकीवर बसून जोआकिमनी बूट काढले, एकमेकांवर आपटून माती झाडली आणि आर्मंडपुढं धरले. "मला आता हे लागायचे नाहीत. कुणाच्या पायाला बसले तर द्या."

"ताणलेला बूट दुसऱ्याला बसत नाही," आर्मंड म्हणाला. "घेऊन जा. कामावर घाला."

त्यांनी क्षणभर विचार केला, बूट मागच्या सीटवर ठेवले, आर्मंडशी हात मिळवला आणि गेले. तिघांपैकी कुणीच माफीचा शब्द काढला नव्हता. मी वाट बघत होते, पण तो निघाला नाही.

त्याच वर्षी बर्फ पडायच्या आधी आर्मंडनं दुकान सोडलं. रसेलनं त्याला पुन्हा बाहेर उभं राहायला सांगितलं होतं. तो म्हणाला, गुडघे राहिले नाहीत. गुडघे खरंच राहिले नव्हते. आता नदीकाठच्या घरात बहिणीबरोबर असतो, लाकडं फोडतो, रेडिओ ऐकतो. धारेवर कुणी अडकलं की अजूनही पहिला फोन त्याच्याकडे जातो, कारण यादीत त्याचं नाव वर आहे. तो सांगतो, मला जमायचं नाही, पुढच्याला लावा. बहीण म्हणते, नाव काढून टाक की रे. पण काढत नाही. फोन ठेवला की दारात जाऊन उभा राहतो, आणि स्ट्रेचर उतरलं असा निरोप येईपर्यंत घरात येत नाही.